पाचवीच्या तयारीचं प्रीवेडिंग

माझ्या मुलीला पाचवीत जायची भीती वाटत होती, म्हणून लग्नानंतर बारा वर्षांनी माझं आणि माझ्या बायकोचं प्रीवेडिंग शूट झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे मला आतापर्यंत ऑफिसात तीनदा, सासुरवाडीत दोनदा आणि इस्त्रीवाल्याला एकदा समजावून सांगावं लागलंय. इस्त्रीवाल्याला पटलं. बाकीचे अजून माझ्याकडं बघून गप्प होतात आणि मी पुढं गेलो की बोलायला लागतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

अंबिका, म्हणजे माझी मुलगी, चौथीपर्यंत आमच्या कॉलनीतल्याच शाळेत होती. ती शाळा एवढी लहान की पहिलीत कुणी शिंकलं तर चौथीच्या बाई तिथूनच 'स्वेटर घाल' म्हणायच्या. पाचवीपासून मात्र नांदेडच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या हायस्कुलात जायचं होतं. तीन मजले, बासष्ट खोल्या, चार जिने, आणि चारही जिने सारखेच. प्रवेश घ्यायला गेलो त्या दिवशी मी फॉर्म भरत होतो, तेवढ्यात ती पाणी प्यायला गेली आणि परत येताना तिला ऑफिस सापडेना. वीस मिनिटं ती कुठल्यातरी जिन्याखाली भिंतीला टेकून उभी होती. शेवटी शिपायाला सापडली. रडली नाही. घरी आल्यावर नवीन दप्तर कपाटावर ठेवलं आणि म्हणाली, "पप्पा, मी चौथी परत करते."

"कामून?"

"चौथी मला येते."

मी एका बियाणं कंपनीत तक्रार विभाग सांभाळतो. बियाणं उगवलं नाही की लोक माझ्याकडं येतात. उगवलं तर कुणी येत नाही. हे काम मला येतं म्हणून गेली नऊ वर्षं मीही तेच परत परत करतोय. मी कुठल्या तोंडानं बोलणार.

"आणि तिथं हरवले तर विचारू कुणाला?" ती म्हणाली. "सगळेच अनोळखी."

खरा प्रश्न हा होता. तो ऐकून माझी थोरली बहीण आरती हिनं लातूरहून फोन केला. ती तिथं शिक्षिका आहे आणि तिचा आवाज फोनमध्येही उंच बाकावर उभा असतो. "माझ्याकडं पाठव. माझ्याच शाळेत घालते. हाताला धरून वर्गात बसवते, हाताला धरून घरी आणते. थेट दहावीपर्यंत. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी येते आणि तिला घेऊनच जाते."

अंबिकानं हे ऐकलं आणि बॅग काढली. त्यात आधी दोन फ्रॉक गेले, मग कंपासपेटी. आमच्या घरात माणसं तीन. त्यातलं एक लातूरला गेलं की उरणार मी आणि वर्षाराणी, म्हणजे माझी बायको. आणि आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला जो विषय आहे तोच बॅग भरत होता. वर्षाराणी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ कुठलाच आवाज आला नाही. आमच्या घरात भांडी वाजली तर काळजी नसते. न वाजली तर असते.

तेव्हा मला शाळेनं प्रवेशाच्या वेळी दिलेलं पत्रक आठवलं. 'पाचवीत जाणाऱ्या मुलांची भीती घालवण्यासाठी कुटुंबानं मोकळ्या हवेत करायचे उपक्रम.' एकूण पाच होते. पहिल्यात तंबू लागत होता, दुसऱ्यात सायकली, चौथ्यात पोहायला येणं, पाचव्यात पालकांमध्ये एकवाक्यता. तिसरा मला झेपण्यासारखा वाटला. अनोळखी मोकळ्या जागेत जायचं, मुलाच्या हातात नकाशा द्यायचा, मूल पुढं, पालक मागं. मुलानं वाट शोधायची. आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं: 'पालकांनी बोलू नये.' पत्रक लिहिणारे आमच्या भागातले नसावेत.

जागा मी शोधली. विष्णुपुरीच्या पुढं नदीकाठानं एक सरकारी रोपवाटिका आहे. आत वाफे, बांध, पाऊलवाटा, आणि दुसऱ्या टोकाला एक भला मोठा वड. गेटपासून वडापर्यंत अंबिकानं आम्हाला न्यायचं, असं ठरलं. मी दोन दिवस संध्याकाळी जाऊन पाहणी केली आणि स्वतःच्या हातानं नकाशा काढला. पाण्याची टाकी, कडुलिंब, मोडकी मोटर, सगळं दाखवलं. एका वळणावर खूण म्हणून काहीच नव्हतं, फक्त एक म्हैस बसलेली होती. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच, त्याच तोंडानं बसलेली होती. तेव्हा मी तिला कायमस्वरूपी मानलं आणि नकाशात घेतलं. 'म्हशीपासून डावीकडे.' माझ्या शिक्षणावर घरच्यांनी बराच खर्च केला होता, हे या ठिकाणी नमूद करतो.

आत जायला परवानगी लागते असं कळल्यावर मी त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथं व्यंकटराव नावाचे क्लार्क होते. त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला.

"हेतू काय लिहिलात तुम्ही?"

"मुलीची पाचवीत जाण्याची मानसिक तयारी."

"असा हेतू न्हाई आमच्याकडं." त्यांनी छापील नमुना माझ्याकडं फिरवला. "चारच हायत. शैक्षणिक सहल, शासकीय पाहणी, वृक्षारोपण, प्रीवेडिंग छायाचित्रण."

"मग शैक्षणिक सहल लिहा की."

"शाळेचं पत्र आणा."

मी त्यांना सांगितलं की जुन्या शाळेनं दाखला देऊन मोकळं केलंय आणि नवीन शाळा म्हणते सोळा जूनला पोरगी वर्गात बसली की आमची. व्यंकटरावांनी डोळे मिटून विचार केला. "म्हंजे आज रोजी तुमची पोरगी कुठल्याच शाळेत न्हाई."

"न्हाई."

"मग शैक्षणिक कसं हुईल?"

त्यांचं बरोबर होतं. मी वृक्षारोपण म्हणालो, तर रोपं किती, खड्डे कुणी काढले, मंत्री कोण येणार, असे तीन रकाने निघाले. मी अर्ज परत घ्यायला हात पुढं केला. माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. ते पुढं वाकून हळू म्हणाले, "प्रीवेडिंग लिहू का? त्याला काहीच लागत न्हाई. आजच सही हुते."

"पण माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली."

"तारीख विचारतच न्हाईत फॉर्मात," व्यंकटराव म्हणाले आणि शिक्का मारला.

आता मी चूक केली ती अशी. शनिवारी संध्याकाळी पाण्याचे डबे भरत होतो, तेवढ्यात शेजारचे मलप्पा काका कुंपणाशी आले. काका रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेत आणि तेव्हापासून कॉलनीच्या शेवटच्या डब्यात उभे राहून आमच्या सगळ्यांवर लक्ष ठेवतात. अंबिकाचं प्रकरण त्यांना माहीत होतं. त्यावर त्यांनी आधीच सल्ला दिला होता की, "गार्डाला पुढं इंजनात काय चाललंय ते कधी दिसत न्हाई. तरी गाडी जाते. हे सांग पोरीला." मी सांगितलं होतं. त्यानंतर तिनं बॅगेत स्वेटरही भरला होता.

"कुठं निघाला, रुद्रेश?"

"जरा विष्णुपुरीकडं, उद्या सकाळी. चला की तुम्हीबी."

हे 'चला की तुम्हीबी' आमच्याकडं म्हणावंच लागतं. शेजारी उभा असताना न म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. आणि समोरच्यानं 'न्हाई न्हाई, तुम्ही जाऊन या' असं म्हणायचं असतं. शंभर वर्षं हा व्यवहार सुरळीत चालू आहे. मलप्पा काका म्हणाले, "किती वाजता?"

नुसते काका असते तरी भागलं असतं. पण काकाही इथलेच. ते वळले तर समोरून कॉलनीतलाच सोमेश आला, त्याला ते म्हणाले, 'चल की तूबी.' सोमेशनं मागच्या गल्लीत विषय काढला. रात्री नऊपर्यंत आम्ही तेवीस जण झालो होतो. दानम्मा काकूंनी, म्हणजे मलप्पा काकांच्या बायकोनं, दशम्या करायला घेतल्या होत्या आणि कुणाच्या तरी मेहुण्याचा टेम्पो ठरला होता. मी दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला पत्रक दाखवत होतो आणि सांगत होतो की तिथं बोलायचं नाही. सगळे 'हाव हाव' म्हणत होते आणि त्यावर बोलत होते.

रविवारी पहाटे आरतीताई लातूरहून आली. तिच्या हातात अंबिकाला न्यायला एक मोकळी पिशवी होती आणि दुसऱ्या पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा. "वाट शोधायची आहे ना? मी वीस प्रश्नांची सराव चाचणी काढलीय. दिशा, अंतर, चिन्हं. आपल्या लातूरला पोरं अशी उगीच सहलीला जात न्हाईत. आधी सहलीची रिव्हिजन करतात." टेम्पोत बसल्या बसल्या तिनं पेपर वाटले. तेवीस जणांना वाटले. मलप्पा काकांना वीसपैकी सहा पडले आणि ते उत्तरपत्रिका परत तपासून मागत होते.

साडेसहाला निघायचं ठरलं होतं, पावणेदहाला निघालो. जूनमधल्या नांदेडात पावणेदहाला माणसं घरात शिरतात. आम्ही बाहेर पडत होतो.

रोपवाटिकेच्या गेटवर शिवशंकर नावाचा वॉचमन होता. त्यानं परवानगीचा कागद घेतला, वाचला, टेम्पोतून उतरणाऱ्या गर्दीकडं बघितलं.

"नवरा-नवरी कोण?"

कुणीच बोललं नाही. पत्रकातली सूचना त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटची पाळली गेली.

"मी," मी म्हणालो. "आणि ही."

वर्षाराणीनं माझ्याकडं बघितलं. अर्जाचं मी तिला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखी वेळच सापडली नव्हती. गेल्या बारा वर्षांत तिनं माझ्याकडं बऱ्याच पद्धतींनी बघितलंय, ही पद्धत नवीन होती.

"फोटो काढा मग," शिवशंकर म्हणाला. "मला वहीत लिहावं लागतंय, छायाचित्रण झालं म्हणून. मागच्या महिन्यात एक जोडी फोटो न काढताच जांभळं तोडून गेली. मलाच बोलणी बसली."

मी त्याला खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला. पण आता मागचे बावीस जण जागे झाले होते. बारा वर्षांपूर्वी आमच्या लग्नात ज्यांना जेवणाच्या दुसऱ्या पंगतीत बसवलं गेलं होतं, ते सगळे त्या दिवशी पुढं होते. सोमेशनं मोबाईल काढला. दानम्मा काकूंनी स्वतःच्या गळ्यातली मोहनमाळ काढून वर्षाराणीला घातली. मलप्पा काका म्हणाले, "रुद्रेश, एक पाय मोटरवर ठेव. असा नगं, प्लंबर दिसून राहिलास." मग मला कडुलिंबाला टेकायला लावलं. मग वर्षाराणीनं पळायचं आणि मी तिचा पदर धरायचा, असं आरतीताईनं सुचवलं. वर्षाराणी म्हणाली, "मी पळते. हे नाही मागं आले तरी चालेल." हा फोटो सगळ्यात चांगला आला. त्यात ती खरंच हसतेय. मी फ्रेममध्ये नाही.

पाऊण तासानं शिवशंकरनं वहीत 'छायाचित्रण पूर्ण' असं लिहिलं, आणि वर्षाराणी माळ काढता काढता थांबली.

"अंबिका कुठंय?"

अंबिका नव्हती. नकाशाही नव्हता. पत्रकात सांगितल्याप्रमाणं मूल पुढं गेलं होतं. पालक मागं होते, पण फोटो काढत होते.

मी पळालो. तक्रार विभागात माणूस पळायला शिकत नाही, पण पळालो. मागून सगळे निघाले आणि प्रत्येकाला वाट माहीत होती. सोमेश नदीकडं गेला, आरतीताई पूर्वेकडं, कारण चाचणीतला चौथा प्रश्न पूर्वेवर होता. मी नकाशातली वाट धरली. टाकी, कडुलिंब, आणि मग ते वळण. तिथं म्हैस नव्हती. ती रविवारी कुठं जाते मला ठाऊक नाही. ती बसायची तिथली जमीन तेवढी गुळगुळीत झाली होती, आणि त्या जागी उभं राहून मला समजलं की माझी मुलगी इथंच येऊन थांबली असणार, आणि तिच्या बापानं तिला कागदावर म्हैस दिली होती.

डावीकडं गेलो. वडाखाली कुणी नव्हतं. नाव घेऊन ओरडलो, तर चारी बाजूंनी कॉलनीतल्या लोकांनी ओ दिली. एकाच वेळी तेवीस दिशांनी शोधलेलं मूल सापडत नाही. विहिरीतही वाकून बघितलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच सोडली.

तास-सव्वा तासानं मी गेटवर परत आलो तो मदत मागायला. अंबिका शिवशंकरच्या खुर्चीत बसून दशमी खात होती. वर्षाराणी तिच्या शेजारी जमिनीवर बसली होती आणि तिचा एक पाय घट्ट धरून होती.

"लई वेळ झाला आलीय ती," शिवशंकर म्हणाला. "वड बघून आली. तुम्हीच सापडना गेलात."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि विचारलं, "म्हैस नव्हती, मग कसं केलंस?"

"विचारलं."

"कुणाला?"

"आधी एका काकांना. ते झाडाखाली बसले होते. ते म्हणाले सरळ. सरळ भिंत होती. मग मोबाईलवर बोलणाऱ्या एका दादाला. तो म्हणाला उजवीकडं. तिकडं नुसती विहीर." तिनं दशमीचा तुकडा मोडला. "त्यांना दोघांना माहीतच नव्हतं, पप्पा. तरी सांगितलं."

आमच्याकडं वाट विचारली आणि 'माहीत न्हाई' म्हटलं तर ते पाहुण्याला उपाशी पाठवल्यासारखं वाटतं. म्हणून माहीत नसलं तरी काहीतरी वाढतात. हे मला चौतीस वर्षं माहीत आहे. त्यातून मार्ग काढायचा असतो, हे माहीत नव्हतं.

"मग गवताचा भारा घेऊन एक आज्जी आल्या. त्यांना विचारलं. त्या थांबल्या पण नाहीत, चालता चालता बोट दाखवलं. ते बरोबर निघालं. ज्याच्या डोक्यावर ओझं असतंय त्याला उगीच सांगायला वेळ नसतो."

मागून आरतीताई आली होती, घामानं निथळत. तिनं हे ऐकलं. चाचणीच्या गठ्ठ्यानं ती वारा घेत होती, तो हात थांबला.

परत येताना टेम्पोत अंबिका मध्ये बसली होती. घरी आल्यावर आरतीताईनं बॅग उचलली आणि विचारलं, "निघायचं?" मी चपला शोधायचं नाटक करत खाली वाकून राहिलो. एकच चप्पल होती, त्यामुळं नाटक लवकर संपलं.

"आत्या, एक महिना इथं बघते," अंबिका म्हणाली. "नाही जमलं तर येते."

आरतीताईनं बॅग खाली ठेवली. जाताना मला म्हणाली, "एक महिना म्हणलीय. माझी तयारी आहे." वर्षाराणी आत गेली आणि भांडी वाजली.

सोळा जूनला मी रजा टाकली. हायस्कूलच्या गेटवर दीड-दोन हजार पोरं, रिक्षा, पालक. अंबिका गेटच्या पट्टीशी थांबली. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो गार होता. तीन मजल्यांकडं तिनं खालून वर बघितलं. मी पत्रकातलं वाक्य मनात धरून ठेवलं, बोललो नाही. ते मला किती जड गेलं हे मला आणि पत्रक छापणाऱ्यालाच कळेल. मग तिनं हात सोडवून घेतला, फ्रॉकला पुसला आणि आत गेली. मागं वळून बघितलं नाही. मी वळून बघण्याची वाट बघत होतो, त्यामुळं मला हे नक्की माहीत आहे.

इथं मी घरी जायला पाहिजे होतं.

पण मला वाटलं, जिन्यापर्यंत बघावं. मग वाटलं, वर्गापर्यंत. लांबून, तिला दिसणार नाही असं. पहिल्या मजल्यावर ती दिसली, दुसऱ्यावर गर्दीत गेली. मी एका जिन्यानं वर गेलो, दुसऱ्यानं खाली आलो, तिसऱ्यानं परत वर. घंटा झाली आणि सगळे व्हरांडे एकदम रिकामे झाले. बासष्ट दारं, सगळी हिरवी. मी एका दारात डोकावलो, ती दहावी होती. दुसऱ्यात डोकावलो, ती शिक्षिकांची खोली होती. तिसऱ्या मजल्यावर शिपायानं मला दंडाला धरलं.

"कोण पायजे?"

"कुणी नाही," मी म्हणालो. हे उत्तर शाळेत फिरणाऱ्या दाढीवाल्या माणसाला शोभत नाही, हे मला म्हणता म्हणता कळलं.

मुख्याध्यापिका बाईंसमोर मला उभं केलं. मी खरं ते सांगितलं. प्रीवेडिंगचा भाग गाळला, त्यामुळं गोष्ट अजूनच संशयास्पद झाली. शेवटी बाईंनी पाचवीच्या वर्गावर निरोप पाठवला. अंबिका एकटीच आली, शिपायाच्या पुढं चालत. दारात थांबून तिनं 'आत येऊ का बाई' विचारलं.

"हे कोण आहेत?"

अंबिकानं माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"माझे पप्पा आहेत, बाई. त्यांचा पहिलाच दिवस आहे. मी गेटपर्यंत सोडून येते."

बाई हो म्हणाल्या. अंबिकानं माझं बोट धरलं. व्हरांड्यातून डावीकडं, मग दुसरा जिना, खाली उतरून पाण्याच्या टाकीला वळसा. कुणालाच काही विचारलं नाही. गेटवर तिनं बोट सोडलं.

"आता सरळ जावा," ती म्हणाली. "कुठं वळू नका."

मी सरळ गेलो.